चारशे बायका आणि एक गोळी

2003 साली आपल्या देशात, दिवस राहत नाहीत म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या 400 हून जास्त बायकांना लेट्रोझोल नावाची गोळी देण्यात आली. ही गोळी स्तनाच्या कर्करोगावरची, आणि तीही पाळी गेलेल्या बायकांसाठी. अंडं तयार व्हावं म्हणून ती द्यायला भारतात तेव्हा मंजुरी नव्हती. आपल्यावर काहीतरी नवं करून बघितलं जातंय, हे त्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची संमतीही घेतली नव्हती. गोळी विकणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी मात्र काही डॉक्टरांचे अनुभव इतर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवत फिरत होते: त्यांनी दिली, गुण आला, तुम्हीही देऊन बघा.

प्रकरण फुटलं. 'मिम्स इंडिया' या औषधविषयक मासिकाचे संपादक डॉ. चंद्र गुल्हाटी यांनी ते वर्षानुवर्षं लावून धरलं. परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं. बोलणं झालं ते परवानगीबद्दल, कायद्याबद्दल, कंपनीबद्दल. ते व्हायलाच हवं होतं. पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. अशा तऱ्हेनं औषध वाटलं की त्यातून शहाणपण येत नाही. समोर दुसरा गट नाही, कुणाला कुठली गोळी द्यायची हे आधी ठरलेलं नाही, किती जणींची बाळं सुखरूप घरी आली हे मोजायची जबाबदारी कुणाची नाही. बाईचं शरीर वापरलं जातं आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या बाईला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

'आम्ही काय गिनिपिग आहोत का?' क्लिनिकल ट्रायल म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य हेच येतं. वंध्यत्वाच्या उपचारांत तर हमखास. माझं म्हणणं असं आहे की नोंद न करता, न सांगता, पैसे घेऊन आपल्यावर प्रयोग आजही होतात. त्यापासून वाचवणारी जी गोष्ट आहे ती म्हणजे नीट आखलेली, नोंदलेली, संमती घेऊन केलेली चाचणी. आपण घाबरतो चाचणीला आणि सही करतो पॅकेजवर.

लेट्रोझोलचीच गोष्ट पुढे सांगते, कारण तिच्यात सगळं आहे.

या गोळीचा असा वापर प्रथम मांडला कॅनडात, टोरांटोमध्ये. मोहम्मद मितवली आणि रॉबर्ट कॅस्पर यांनी 2001 साली छापलेल्या निबंधात पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या गडबडीमुळे अंडं वेळेवर तयार न होण्याचा त्रास, असलेल्या 12 बायका होत्या. जुन्या क्लोमिफिनच्या गोळीनं त्यांचं काम झालं नव्हतं. लेट्रोझोलनं त्यातल्या 9 जणींमध्ये अंडं फुटलं. कल्पना साधी होती. शरीरात इस्ट्रोजेन बनवणारं एक विकर असतं, त्याचं नाव अरोमाटेज. लेट्रोझोल ते थोपवते. इस्ट्रोजेन खाली आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला कामाला लावणारं संप्रेरक जास्त सोडते, आणि फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, वाढायला लागतं. पाच दिवस गोळ्या, मग सोनोग्राफीवर फॉलिकलचं माप. क्लोमिफिन शरीरात रेंगाळते आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ करू शकते. लेट्रोझोल काही दिवसांत निघून जाते.

12 बायका म्हणजे पुरावा नव्हे. विचारायला योग्य असा प्रश्न तेवढा त्यातून मिळाला. इथे दोन वाटा फुटत होत्या. एक वाट आपण घेतली, ती वर सांगितली.

मधल्या काळात भीतीही आली. 2005 साली माँट्रियलच्या काही डॉक्टरांनी एका परिषदेत सांगितलं की लेट्रोझोल घेऊन झालेल्या 150 बाळांमध्ये हृदयाचे आणि हाडांचे दोष जास्त दिसले. मूळ औषध बनवणाऱ्या कंपनीनं जगभर इशारा दिला. पण त्या 150 बाळांची तुलना केली होती ती सर्वसाधारण बाळंतपणांतल्या हजारो बाळांशी. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बाईचं वय, तिचे आजार वेगळे असतात. ही तुलनाच कच्ची होती. 2006 साली कॅनडातच 911 बाळांचा अभ्यास छापून आला, त्यात दोन्हीकडे उपचार घेतलेल्या आयाच होत्या. व्यंगांचं प्रमाण लेट्रोझोलच्या गटात 2.4 टक्के, क्लोमिफिनच्या गटात 4.8 टक्के.

भारतात या गोळीला पुढे वंध्यत्वासाठी मंजुरी मिळाली. ऑक्टोबर 2011 मध्ये सरकारनं याच वापरावर बंदी घातली. मे 2012 मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं औषध नियंत्रकांच्या कारभारावर 59 वा अहवाल मांडला, त्यात या मंजुरीवरही ताशेरे होते. म्हणजे आधी न विचारता वापर, मग नीट न तपासता मंजुरी, मग बंदी. या सगळ्या वर्षांत सरकारी पैशानं, सरकारी रुग्णालयांत, दोन गट पाडून, हिशेब ठेवून हा प्रश्न सोडवावा असं इथल्या व्यवस्थेला वाटलं नाही. आपल्याकडे पीसीओएसच्या मुली काय कमी होत्या? गावोगावच्या दवाखान्यांत 'पीसीओडी आहे' हे वाक्य ऐकून बाहेर पडणाऱ्या मुलींची रांग लागते.

प्रश्न सोडवला अमेरिकेनं. पेन स्टेट विद्यापीठाचे रिचर्ड लेग्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीओएस असलेल्या 750 बायका घेतल्या. वय 18 ते 40. निम्म्यांना लेट्रोझोल, निम्म्यांना क्लोमिफिन. कुणाला काय मिळतंय हे बाईला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. जास्तीत जास्त पाच सायकल. पैसा अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेचा, कारण पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीवर कुठली कंपनी खर्च करणार? आणि मोजलं काय, तर जिवंत जन्मलेलं बाळ. जुलै 2014 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला: लेट्रोझोल घेतलेल्या 374 जणींपैकी 103 जणींना बाळ झालं, क्लोमिफिनच्या 376 जणींपैकी 72 जणींना. 27.5 टक्के विरुद्ध 19.1 टक्के. गंभीर व्यंगं लेट्रोझोलच्या गटात चार बाळांत, क्लोमिफिनच्या गटात एका बाळात दिसली. हा फरक इतका छोटा होता की त्यावरून निष्कर्ष काढता येत नव्हता, पण लेखकांनी तो लपवला नाही. छापला. चांगल्या चाचणीची ओळख तिथे पटते.

2017 साली भारतानं बंदी उठवली. 2018 आणि 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पीसीओएसमध्ये अंडं तयार होण्यासाठी पहिली गोळी म्हणून लेट्रोझोल आहे. आज नांदेडची मुलगी ती घेते ती त्या 750 अनोळखी अमेरिकन बायकांच्या भरवशावर. त्यांना सगळं सांगितलं गेलं होतं, त्यांनी सही केली होती, आणि त्यांच्या सहीतून जगभरच्या बायकांना एक उत्तर मिळालं.

त्याच अमेरिकन गटाची दुसरी चाचणी 2015 सालची. यात 900 जोडपी होती, ज्यांच्यात सगळे रिपोर्ट ठीक असूनही मूल होत नव्हतं. इथे हीच गोळी जिंकली नाही. बाळ झाल्याचं प्रमाण लेट्रोझोलमध्ये 18.7 टक्के, क्लोमिफिनमध्ये 23.3, आणि अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांमध्ये 32.2 टक्के. पण इंजेक्शनांच्या गटात जुळी-तिळी फार. एका दुखण्यात जी गोळी सरस, ती दुसऱ्यात नाही. नुसत्या अनुभवावर चालणाऱ्या माणसाला हे कळायला मार्गच नसतो.

आता पॅकेजकडे वळू. आयव्हीएफच्या एका सायकलला लाख-दोन लाख सहज जातात. पहिली सायकल फसली की दुसऱ्या वेळी यादी लांबते. गर्भाशयाच्या अस्तराला आतून ओरखडा काढायचा, त्याला स्क्रॅचिंग म्हणतात. गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी. पीआरपी, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्स. इंट्रालिपिडची सलाईन. शुक्राणू व्यवस्थित असले तरी इक्सी. बाई टेबलावर असते, नवरा काउंटरवर असतो आणि दोघांपैकी कुणीही नाही म्हणायच्या अवस्थेत नसतं. सासूबाईंनी दागिना मोडलेला असतो. 'यानं नक्की होईल ना, डॉक्टर?' एवढंच विचारलं जातं. यानं आधी कुणाला झालं, किती जणींना, आणि हे न करताही किती जणींना झालं, हे कुणी विचारत नाही.

स्क्रॅचिंगचं बघा. 2003 साली इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासात ओरखडा काढलेल्या बायकांत यश दुपटीच्या आसपास दिसलं. झालं, जगभर सुरू. भूल न देता, दुखत असताना, हजारो बायकांनी ते सहन केलं. सोळा वर्षांनी, 2019 मध्ये, न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या सारा लेन्सेन आणि सिंडी फार्कर यांच्या गटानं पाच देशांतल्या 1,364 बायकांची चाचणी छापली. ओरखडा काढलेल्यांत बाळ झालं 26.1 टक्के जणींना. न काढलेल्यांत 26.1 टक्के जणींना. दशांश चिन्हापुढचा आकडासुद्धा सारखा. सोळा वर्षं दुखवलं ते कशासाठी?

गुणसूत्रांची तपासणी जास्त महाग आणि जास्त शास्त्रीय वाटणारी. 'चांगला गर्भ निवडू' हे ऐकायला किती बरं वाटतं! 2007 साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या गटानं 35 ते 41 वयाच्या 408 बायकांमध्ये ती करून बघितली, तेव्हा तपासणी केलेल्यांत बाळं कमी झाली: 24 टक्के, आणि न केलेल्यांत 35 टक्के. तंत्र पुढे बरंच सुधारलं, हे खरं. मग 2021 साली चीनच्या 14 केंद्रांत 1,212 बायकांची चाचणी झाली. या तरुण होत्या, चांगले गर्भ हाताशी होते. वर्षभरात बाळ होण्याचं प्रमाण तपासणीसह 77.2 टक्के आणि तपासणीविना 81.8 टक्के. काही जोडप्यांना या तपासणीची खरोखर गरज असते, घरात आनुवंशिक आजार असेल तर ती करावीच. पण तिशीतल्या, पाच-सहा चांगले गर्भ असलेल्या बाईकडून तिचे पैसे का घ्यायचे?

आणि इक्सी. एकेक शुक्राणू सुईनं अंड्यात सोडायचा. शुक्राणू फार कमी असतील तर हे वरदानच आहे. पण संख्या ठीक असली तरी सर्रास करतात. व्हिएतनाममध्ये, हो ची मिन्ह शहरातल्या डॉक्टरांनी अशा 1,064 जोडप्यांवर चाचणी केली आणि 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. इक्सीनं 35 टक्के, साध्या आयव्हीएफनं 31 टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडतो, असं गणितानं सांगितलं. व्हिएतनाम काही श्रीमंत देश नाही. त्यांच्या डॉक्टरांनी रोजच्या कामातूनच ही चाचणी उभी केली. मुंबई-पुण्यात आयव्हीएफच्या पाट्या चौकाचौकांत आहेत. मग आपल्याकडून असे निकाल जगाला का मिळू नयेत?

पुरुषांबद्दल दोन ओळी लिहिल्या नाहीत तर अन्याय होईल, कारण तपासणीच्या टेबलावर नेहमी बाईच असते आणि पुरुषाच्या हाती जस्त, फॉलिक अ‍ॅसिडच्या कॅप्सूलची डबी पडते. अमेरिकेत 2,370 पुरुषांवर सहा महिने हे देऊन बघितलं, 2020 साली निकाल छापला. कॅप्सूल घेणाऱ्यांच्या जोडप्यांत बाळ 34 टक्के, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 35 टक्के. पोटाच्या तक्रारी मात्र कॅप्सूल घेणाऱ्यांत जास्त. डबी आजही विकली जाते.

निकाल वाचताना एक गोष्ट नेहमी तपासावी. यश म्हणून मोजलं काय? रक्तातली गर्भधारणेची तपासणी, म्हणजे बीटा, पॉझिटिव्ह आली, ते एक. सोनोग्राफीत ठोके दिसले, ते दुसरं. बाळ सुखरूप हातात आलं, ते तिसरं. या तिन्हींमध्ये किती आया मागे राहतात ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांनाच माहीत. जाहिरातीत '70 टक्के यश' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते कुठल्या टप्प्याचं हे लिहिलेलं नसतं. मी तर म्हणेन, असा फलक लावणाऱ्यावर कारवाई व्हावी.

आणि छापून आलेली प्रत्येक चाचणीही खरी नसते. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचे बेन मोल गेली काही वर्षं स्त्रीरोगशास्त्रातल्या निबंधांचे आकडे तपासतायत. वेगवेगळ्या निबंधांत तेच तक्ते, अशक्य वेगानं भरती झालेले रुग्ण, असं बरंच त्यांनी उघड केलं. अनेक निबंध मागे घ्यावे लागले. त्यांच्यावर टीकाही झाली. पण खोटा आकडा हा वंध्यत्वात थेट बाईच्या पोटापर्यंत पोहोचतो, त्यामुळे हे काम मला फार मोलाचं वाटतं.

लेट्रोझोलकडे पुन्हा येते, कारण तिचा तिसरा अवतार सगळ्यात हृद्य आहे. स्तनाचा कर्करोग झालेली तिशीतली मुलगी. किमो सुरू व्हायचीय. किमोनं अंडाशयातली अंडी मरतात. आधी अंडी काढून गोठवायची तर इंजेक्शनं द्यावी लागतात, आणि त्यांनी इस्ट्रोजेन कितीतरी पट चढतं. स्तनाच्या बऱ्याच कर्करोगांना तर इस्ट्रोजेनच पोसतं. न्यूयॉर्कमध्ये कुतलुक ओक्ताय यांनी इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोल दिली, इस्ट्रोजेन खाली ठेवलं आणि अंडी मिळवली. 2005 साली त्यांचे निष्कर्ष आले. जी गोळी कर्करोगावरची म्हणून तिच्या दुसऱ्या वापराबद्दल एवढा गोंधळ झाला, तीच कर्करोग झालेल्या मुलीचं आईपण राखायला उभी राहिली. आता पाळीच्या कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात. दोन आठवडे पुरतात.

कर्करोगातलीच आणखी एक चाचणी 2015 ची. इस्ट्रोजेनवर न वाढणारा स्तनाचा कर्करोग, पाळी चालू असलेल्या बायका, किमोबरोबर गोसेरेलिनचं महिन्याला एक इंजेक्शन, म्हणजे अंडाशयाला तात्पुरती झोप. दोन वर्षांनी अंडाशय निकामी झालेल्या बायका इंजेक्शन घेतलेल्यांत 8 टक्के, न घेतलेल्यांत 22 टक्के. पुढे दिवस राहिले 21 टक्के जणींना आणि 11 टक्के जणींना.

आणि 2023 ची ती चाचणी, जिच्या नावाची आद्याक्षरं जुळून 'पॉझिटिव्ह' झालं. इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कर्करोगात पाच ते दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या चालू असताना गरोदर राहता येत नाही. पस्तिशीतल्या मुलीला दहा वर्षं थांब म्हणणं म्हणजे नाहीच म्हणणं. 20 देशांतल्या 516 बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग त्या थांबवल्या, मूल होण्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा अवकाश घेतला. यात चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले नव्हते. मूल हवं असलेल्या बाईला 'तुझा नंबर दुसऱ्या गटात लागला, तू थांब' असं कोण सांगणार? म्हणून तुलना केली आधीच्या चाचण्यांतल्या तशाच बायकांशी. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण थांबलेल्यांत 8.9 टक्के, तुलनेच्या गटात 9.2 टक्के. बाळं झाली 365. असा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून या बायकांवर लक्ष ठेवणं चालू राहायला हवं. पण डॉक्टरांनी 'मुलाचा विचार सोडून द्या' असं एका वाक्यात संपवायचे दिवस गेले.

गेले का खरंच? किमोच्या आधी 'तुम्हाला पुढे मूल हवंय का?' हा प्रश्न किती जणींना विचारला जातो? एकोणीस वर्षांच्या मुलाला लिम्फोमा होतो, त्याचं वीर्य गोठवून ठेवायला एक भेट पुरते. आईवडिलांसमोर विचारायचं कसं, या संकोचात ती भेटही होत नाही. पुढे त्याचं लग्न ठरायची वेळ येते तेव्हा सगळ्यांना आठवतं. परळच्या मोठ्या रुग्णालयापासून बार्शीच्या रुग्णालयापर्यंत प्रत्येक कर्करोगतज्ज्ञानं केसपेपरवर ही ओळ छापून घ्यावी, आणि उत्तर लिहिल्याशिवाय पहिली किमो चढवू नये. ही माझी हात जोडून विनंती आहे.

वयात न आलेल्या मुलांचं अजून अवघड. मुलीच्या अंडाशयाचा तुकडा गोठवता येतो. बेल्जियममध्ये एका प्रौढ बाईचा 1997 साली गोठवलेला असा तुकडा परत बसवून 2004 मध्ये बाळ जन्मलं, आणि 2019 साली अमेरिकेच्या प्रजनन संस्थेनं या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. मुलग्यांचं तंत्र अजून प्रायोगिकच आहे. एका मुलाची दहाव्या वर्षी, 2008 साली गोठवलेली वृषणाची ऊती ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी त्याच रुग्णाच्या शरीरात परत बसवल्याचं 2025 च्या सुरुवातीला जाहीर केलं. अशा गोष्टी चाचणीतच व्हायला हव्यात, फुकट, आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करून. उद्या कुणी आपल्याकडे याचं दरपत्रक काढलं तर आईबापांनी पैसे देऊ नयेत.

आता मुंबईची गोष्ट, कारण ती आपली आहे. शास्त्रीय नोंदींसह झालेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मलं ते कुठल्या पंचतारांकित क्लिनिकमध्ये नाही. महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. डॉ. इंदिरा हिंदुजा, आणि शेजारच्या सरकारी प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार. सरकारी पैसा, सामान्य घरातली बाई, आणि प्रत्येक पायरीची नोंद.

त्याआधी आठ वर्षं, 3 ऑक्टोबर 1978 ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हेच करून दाखवलं होतं, इंग्लंडमधलं जगातलं पहिलं बाळ जन्मल्याला तीन महिनेही झाले नव्हते. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं त्यांची खिल्ली उडवली, पुढे त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. 19 जून 1981 ला त्यांनी आत्महत्या केली. 1997 साली आनंद कुमारांनी त्यांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि स्वतःच्या नावावरचा पहिलेपणाचा मान जाहीरपणे मुखोपाध्यायांना दिला. असा मोठेपणा मी फार कमी वाचलाय. मुखोपाध्यायांचं सत्य सोळा वर्षांनी वर आलं ते कशामुळे? त्यांनी लिहून ठेवलं होतं म्हणून.

ती परंपरा केईएमच्या गल्लीतच संपू नये. 2021 चा एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांवरचा, कायदा आला, क्लिनिकांची नोंदणी सक्तीची झाली, राष्ट्रीय नोंदवही आली. कायद्यातच लिहिलंय की उपचारांचे निकाल या नोंदवहीत गोळा करायचे. मग ते क्लिनिकनिहाय, वयानुसार, जन्मलेल्या बाळांच्या आकड्यांसह लोकांसमोर मांडा. ब्रिटनची नियामक संस्था स्क्रॅचिंगसारख्या प्रत्येक जोडउपचाराला पुराव्यानुसार रंग देऊन यादी लावते. तशी यादी मराठीत, प्रत्येक क्लिनिकच्या प्रतीक्षागृहात, पैसे भरायच्या खिडकीवर लागली पाहिजे. आणि सरकारी रुग्णालयांत आयव्हीएफ सुरू करायचंच असेल तर त्याला चाचणी जोडून द्या: स्वस्त पद्धत विरुद्ध महाग पद्धत, मोजायचं बाळ. गरीब जोडप्याला उपचार मिळेल आणि देशाला उत्तर.

तुम्ही स्वतः या वाटेवर असाल तर एवढं करा. नवं काही सुचवलं की विचारा, हे न करता किती जणींना बाळ होतं आणि केल्यावर किती जणींना? तुमच्या वयाच्या बायकांत? हे कुठे छापून आलंय? पुरावा अजून नाही, आम्ही तोच शोधतोय, असं प्रामाणिक उत्तर आलं तर घाबरू नका. खरी चाचणी असेल तर नीतिसमितीची मंजुरी असते, संमतीपत्र तुमच्या भाषेत असतं, त्याची प्रत तुम्हाला मिळते, मधूनच बाहेर पडायचा हक्क असतो, इजा झाली तर उपचार आणि भरपाई 2019 च्या नियमांत लिहिलेली आहे. संशोधनासाठी म्हणून केलेल्या गोष्टीचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. 'ट्रायल आहे' म्हणत बिल पुढे करणाऱ्याकडून उठून या.

आणि क्रमांक मागा. औषधांच्या चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करणं 15 जून 2009 पासून सक्तीचं आहे. ती कुणालाही, मोबाइलवर, फुकट बघता येते. क्रमांक देत नसतील तर सही करू नका.